तात्या चौगुले आणि जागच्या जागी पळायचं यंत्र

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. तीन माणसं रोज एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, एकमेकांचा घाम बघत वर्षानुवर्षं पळत राहिली की ते आपोआप साठतात. मग कुणाच्या बारशाला नाहीतर बाराव्याला गाठ पडली, की एकजण हळूच म्हणतो, "ते तात्यांचं आठवतंय का?" आणि पुढ्यातला चहा गार होतो.

आमची टोळी तिघांचीच. तात्या चौगुले, हसनभाई मिस्त्री आणि मी. तिघंही शिवाजी पेठेतले. तात्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन, पन्नाशी ओलांडलेले. हसनभाईचा पिठाच्या गिरण्या आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा कारखाना. कारखाना म्हणजे गल्लीतली पत्र्याची एक शेड! आणि मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. सकाळी साडेपाचला तालमीपाशी जमायचं, रंकाळा तलावाला एक फेरा मारायचा आणि आपापल्या कामाला लागायचं, एवढाच आमचा नेम.

हे सगळं ऐंशी सालाच्या आगेमागे. तेव्हा कोल्हापुरात रस्त्यानं पळणारा माणूस एकतर पैलवान असायचा, नाहीतर मिल्ट्रीत भरती व्हायला निघालेला, नाहीतर चोर! आम्ही तिन्ही नव्हतो. लोक विचारायचे, "पावणं, कशाला पळताय?" तात्या म्हणायचे, "पाय हायती म्हणून!"

यातले काही किस्से हसण्यासारखे आहेत. हसा खुशाल. मला मात्र सांगताना हसू येत नाही.

* * *

तात्या अनवाणी पळायचे. एकदा त्यांच्या पुतण्यानं मुंबईहून कॅनव्हासचे बूट आणले, पांढरेशुभ्र! दुसऱ्या दिवशी तात्या ते घालून आले. पुतण्याही कौतुकानं रंकाळ्यावर येऊन उभा राहिला.

तात्या शंभर पावलं पळाले असतील. थांबले. खाली बसून नाड्या सोडल्या, बूट दोन हातांत घेतले आणि उरलेला अख्खा फेरा तसाच मारला!

पुतण्या म्हणाला, "काका, बूट हातात घालत न्हाईत!"

"आरं, पायास्नी कळंना झालं कुठं पडाय लागल्यात ते. डोळं बांधून पळल्यागत वाटाय लागलं."

आम्ही पोट धरून हसलो. हसनभाईनं तर ते वाक्य महिनाभर गल्लीत सगळ्यांना ऐकवलं.

* * *

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं असेल. तलावाच्या पलीकडच्या अंगाला म्हशी धुवायला आणायचे. आम्ही पळत त्या वळणावर आलो आणि तात्या एकदम थांबले. समोर एक म्हैस आडवी उभी.

तात्या अदबीनं तिला म्हणाले, "पावणं, जरा कडंला सरता का?"

हसनभाई हसून हसून रस्त्यात खाली बसला! मीही हसत होतो. मग बघतो तर तात्या हसत नव्हते. एक हात पुढं करून ते म्हशीच्या पाठीला चाचपत होते.

"मास्तर," ते मला म्हणाले, "म्हस हाय व्हय? मला वाटलं घोंगडं पांघरलेला कोण गडी हाय."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती राहील सांगता येत नाही. ती काही राहिली नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तात्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. नोकरी सुटली. पळणं सुटलं नाही. आम्ही आळीपाळीनं त्यांचा डावा हात धरायचो आणि ते पळायचे.

* * *

हा किस्सा माझाच आहे, आणि तो मी कुणाकडून ऐकून घेत नाही, मीच सांगतो.

त्या दिवशी हात धरायची पाळी माझी होती. तलावात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेनं आम्ही छान लयीत चाललो होतो. समोरून आमच्या शाळेचे हेडमास्तर काठी टेकत फिरायला आलेले. मी काय केलं असेल? दोन्ही हात जोडून नमस्कार केला!

दोन्ही हात.

हेडमास्तर म्हणाले, "काय मास्तर, व्यायाम जोरात?" मी "होय सर" म्हणेपर्यंत तात्या पाच-सहा पायऱ्या खाली गेले होते. कपाळ फुटलं, खांद्याचं हाड मोडलं.

टाके घालून घरी आणलं. तात्यांच्या बायकोला सगळी पेठ आक्का म्हणायची. उंच, आवाज असा की एक हाक मारली तर चार घरांतली माणसं बाहेर यायची. त्या दिवशी आक्कांनी आवाज चढवला नाही. तात्यांच्या पुढ्यात बसल्या, त्यांचा धड हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"रस्त्यावर पळणार न्हाय, म्हणा."

तात्यांनी हात मागं घ्यायला बघितला, आक्कांनी तो दाबून धरला.

"म्हणा, की मला मेलेली बघायचं हाय?"

तात्या म्हणाले, "न्हाय पळणार."

आता शपथ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. आणि आक्का काही म्हणणार नव्हत्या.

मी निघालो तेव्हा त्यांनी मला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

* * *

तात्या उंबऱ्यावर बसून राहायला लागले. आम्ही सकाळी पळत त्यांच्या दारावरून जायचो, तर पावलांचा आवाज ऐकून म्हणायचे, "हसन दमलाय आज," नाहीतर "मास्तरचा उजवा पाय घासाय लागलाय." आम्हाला लाज वाटायला लागली. मग आम्ही दुसऱ्या गल्लीनं जायला लागलो. त्याचीही लाज वाटायला लागली.

अशात हसनभाई मेव्हण्याच्या हृदयाच्या तपासणीसाठी पुण्याला गेला. आला तो थेट माझ्या शाळेत, वर्गात!

"मास्तर, तितं छातीला तारा लावून माणसाला पळीवत्यात. माणूस पळतोय खरं, पर जागचा हालत न्हाय!"

"म्हणजे?"

"खालचा रस्ता पळतोय की!"

मी तिथंच फळ्यावर त्याच्या सांगण्यावरून आकृती काढली. दोन रूळ, त्यावर ताणलेला पट्टा, खाली फळ्या, पुढं धरायला पाइप. मुलांनी आपापल्या वहीत ती उतरवून घेतली. त्यांना वाटलं, परीक्षेला आहे.

पट्टा भंगारात मिळाला, एका साखर कारखान्यातला, चिपाडं वाहायचा. मोटर जुन्या पिठाच्या गिरणीची. पट्टा हातभर रुंद पुरला असता, तो होता चांगला दोन हात! मी म्हटलं काप. हसनभाई म्हणाला, "असला माल कापायला मन हुईत न्हाय." म्हणून मग सगळं यंत्रच त्या मापानं केलं.

आक्कांना यंत्र दाखवायला शेडमध्ये आणलं. त्यांनी यंत्राला एक चक्कर मारली. "हितं म्हस पळवायची हाय व्हय?"

हसनभाई म्हणाला, "आक्का, शपथ रस्त्याची हाय. ह्यो रस्ता न्हाय."

आक्कांनी पट्टा हातानं दाबून बघितला. मग म्हणाल्या, "रस्ता न्हाय न्हवं? मग पळू द्यात."

नारळ फोडला. तात्या पट्ट्यावर उभे राहिले. गिरणीची मोटर, तिला हळूहळू सुरू होणं कसं ते माहीतच नाही! हसनभाईनं बटण दाबलं आणि तात्या तोफेतून सुटल्यासारखे मागं आले. मागं मी उभा होतो. दोघंही चिंध्यांच्या ढिगात! पण मी त्यांना दोन्ही हातांनी कवेत घट्ट धरलं होतं. शेडमध्ये सगळे हसत होते आणि मी तात्यांना सोडत नव्हतो.

"मास्तर, सोडा की आता," तात्या म्हणाले, "हेडमास्तर न्हाईत हितं."

* * *

मग हसनभाईनं वेग कमीजास्त करायला लहानमोठ्या चाकांच्या तीन पुल्या बसवल्या. त्यांना नावं दिली : पहिली रंकाळा, दुसरी पन्हाळा आणि तिसरी 'म्हस उधळली'! तात्या दुसरीवर पळायचे, रोज, शेडचं दार उघडल्या उघडल्या, पाऊण तास. पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरून.

उकडतं म्हणाले म्हणून समोर टेबलफॅन ठेवला. चार दिवसांनी तात्या म्हणाले, "फॅन काढा."

"का ओ? वारा लागत न्हाय?"

"लागतोय की. रंकाळ्यावर वारं कवा तोंडावर, कवा कानाला, कवा पाठीवर. हितं सदा तोंडावरच. म्हंजे मी कवा वळतच न्हाय."

हसनभाईनं फॅन काढला.

* * *

पट्ट्याला एका जागी जोड होता, लोखंडी पिनांचा. प्रत्येक फेऱ्याला तो रुळावरून जाताना 'टक्' वाजायचा. तात्यांनी ते मोजायला सुरुवात केली. मला म्हणाले, "मास्तर, किती टकांचा एक मैल, तेवढं काढून द्या." मी पट्टा मापून काढून दिलं. आणि तात्या निघाले कुरुंदवाडला! कुरुंदवाड म्हणजे आक्कांचं माहेर. रोज सकाळी थोडं थोडं, जिथं काल थांबले तिथून पुढं.

सगळ्या गल्लीला नाद लागला. दूध घालणारा विचारायचा, "तात्या, आज कुठवर?"

"हातकणंगल्याच्या अलीकडं हाय बगा."

चार दिवसांनी, "जयसिंगपूर ओलांडलं!"

"ऊन हाय का तिकडं?"

"हाय थोडं!"

तात्या खुलले होते. आम्हाला वाटलं, जमलं! मी मनातल्या मनात त्या पाच-सहा पायऱ्या पुसून टाकायला लागलो होतो.

ज्या दिवशी कुरुंदवाड येणार, त्या दिवशी आक्का मुद्दाम शेडवर आल्या. तात्या शेवटचे टक मोजत होते. मोजून झाले, हसनभाईनं बटण बंद केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. तात्या घाम पुसत म्हणाले, "पोचलो तुझ्या म्हायारी!"

आक्कांचा चेहरा कसा झाला होता! लहान पोरीसारखा. त्यांनी विचारलं, "घाटावर गेलता? पाणी किती हाय नदीला?"

तात्या थांबले. "पाणी दिसलं न्हाय."

"दिसायचं कशाला? वास तर आला असंल की."

तात्या म्हणाले, "ग्रीसचा आला."

टाळ्या वाजवलेले आमचे हात तसेच राहिले. त्या दिवसानंतर तात्यांनी टक मोजले नाहीत. कुणी 'आज कुठवर' विचारलं की म्हणायचे, "हितंच."

* * *

हसनभाई आक्कांकडं गेला. मला दाराबाहेर उभं केलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, सुटली म्हणा. आम्ही दोघं दोन बाजूला ऱ्हातो."

"मशीन हाय की."

"मशीनवर ते पळत न्हाईत, आक्का. पाय हालिवत्यात."

"हालवू द्यात. डोळं देवानं नेलं. माणूस मी सोताच्या हातानं रस्त्यावर सोडू व्हय?" मग आवाज चढला, माझ्यासाठीच चढवलेला. "आणि हात धरणारी माणसं वाटंत नमस्कार घालाय लागली तर?"

हसनभाई बाहेर आला. आम्ही दोघं तालमीपर्यंत चालत गेलो. बाई चुकीचं काहीच बोलली नव्हती.

* * *

आता खंडेनवमीचा सांगतो.

खंडेनवमीला हसनभाईच्या शेडमध्ये सगळी यंत्रं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून ठेवायचे. त्या दिवशी एकाही यंत्राचं बटण दाबायचं नाही. त्यांना विश्रांती. हसनभाई या बाबतीत फार कडक. "बापाच्या वक्तापासनं नवमीला हितं बटण दाबलं न्हाय," असं अभिमानानं सांगायचा. आणि पूजा दरवर्षी आक्काच करायच्या, हेही त्याच्या बापाच्या वेळेपासूनचं.

त्या सकाळी आक्का ताट घेऊन आल्या. सोबत तात्या. त्यांना स्टुलावर बसवलं. आक्कांनी लेथला कुंकू लावलं, ड्रिलला लावलं, वेल्डिंगच्या सेटला लावलं. बाहेर उभ्या असलेल्या हसनभाईच्या मोपेडला हार घातला. शेवटी तात्यांच्या यंत्राची पूजा करून त्या आरतीचं ताट उचलायला वळल्या.

परत बघतात तर तात्या स्टुलावर नव्हते. ते चाचपडत यंत्रापाशी गेले होते, पट्ट्यावर चढले होते, आणि पाइप धरून पळत होते. पट्टा बंद. तात्या जागच्या जागी एक एक पाय उचलून टाकत होते, रोजच्याच लयीत.

हसनभाई म्हणाला, "तात्या, आज मशीन बंद हाय."

"व्हय," तात्या पाय न थांबवता म्हणाले. "रोजच्यागतच हाय की."

आक्कांनी हातातलं आरतीचं ताट लेथवर ठेवलं.

"सुटली," त्या म्हणाल्या.

आम्हाला कळलंच नाही.

"शपथ सुटली म्हणते! आजच्यापुरती. पर ह्या दोघांच्या हातात मी त्यास्नी द्यायची न्हाय. मी सोता फुडं ऱ्हाणार."

आक्कांचे गुडघे असे की जिना चढताना दोनदा बसायच्या. पुढं राहणार कशा? त्यांनी बोट दाखवलं ते मोपेडकडं. हसनभाई घाबरला. "आक्का, तुमीच आत्ता हार घातलाय तिला! आज इंजान चालू करता येत न्हाय."

"तिला पायडल हाय न्हवं?"

मोपेडला पायडल होतं. पण ते चालू करण्यापुरतं. त्यावर आक्कांना मागं बसवून रंकाळ्यापर्यंत जायचं म्हणजे काय, ते हसनभाईच्या तोंडावर दिसत होतं. तरी तो चढला. आक्का कॅरिअरवर उलट्या बसल्या, तोंड मागं, तात्यांकडं. हार घातलेली मोपेड, वर नऊवारीतल्या आक्का, मागं तात्या आणि त्यांच्या मागं दोन्ही हात पुढं काढून मी. गल्लीत बायकांनी पाण्याच्या घागरी खाली ठेवल्या.

रस्त्यावर एक रिक्षा नव्हती, एक ट्रक नव्हता. सगळी वाहनं आपापल्या दारात हार घालून उभी होती. रंकाळ्यावर आलो आणि आक्कांचा आवाज सुरू झाला. "सरळ या! जरा डावीकडं! शेण हाय फुडं! ...तुडवलंसा. ऱ्हाऊ दे, चला!"

तात्यांचे हात अजून पुढंच होते, नसलेला पाइप धरून. पाव फेरा झाला तरी तसेच. मग एका वळणावर वारा तोंडावरून कानाकडं गेला, आणि तात्यांचे हात खाली आले. मी ते मागून बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज नाही.

चढाला हसनभाई रडकुंडीला आला. "आक्का, चालू करू का इंजान? अल्ला माफ करंल."

"बापाच्या वक्तापासनं दाबलं न्हाय म्हणत हुतासा न्हवं? मारा पायडल!"

पण लांब सरळ रस्ता लागला, आणि तिथं हसनभाई संपला. मोपेड डुगडुगली, कडेला गेली, आणि तो हँडलवर डोकं टेकून धापा टाकायला लागला. आक्का थांबल्या. आक्कांचा आवाजही थांबला.

मागून तात्या आले. इतक्या जवळून गेले की आक्कांचा पदर हलला. आणि तसेच पुढं गेले. समोर मोकळा रस्ता, एका बाजूला तलाव, आणि रस्त्याच्या टोकाला वळण. तात्यांची पावलं लांब पडायला लागली.

मी धावत सुटणार, तेवढ्यात आक्कांनी माझ्या सदऱ्याला धरलं. मी ओरडायला तोंड उघडलं, तर दुसरा हात तोंडावर! हळदीचा वास असलेला हात. मी तो बाजूला केला.

"आक्का, फुडं कोण न्हाय त्यांच्या!"

आक्का रस्त्याकडं बघत होत्या. सदरा त्यांनी सोडला नव्हता.

"त्यास्नी ठावं हाय," त्या म्हणाल्या.